सोललेली वही

एका गावात एक भोळा सटवाजी होता. गावाचं नाव सांगत नाही, उगाच तुम्ही त्याला बघायला जाल.

हा सटवाजी विसाजीपंत पारसनिसांकडे कामाला होता. पंतांचं घराणं दरबारात फारशी लिहिणारं. पण दरबार बुडाला आणि फारशीला कुत्रं विचारीना. अशात एका इंग्रज साहेबाने निरोप धाडला, 'आमच्या ऑरेंज शब्दाचा अर्थ, उगम आणि फारशी प्रतिशब्द लिहून दाखवा. पसंत पडलं तर कोशाचं सगळं काम तुमचं.'

पंत कामाला लागले. एका शब्दावर त्यांनी बारा पानं लिहिली. फारशीत आंबट फळाला नारंज, गोडाला पोर्तकाल. आणि मूळ शब्द आपलाच, नारंग! इराणात गेला, अरबांकडे गेला, फिरत फिरत विलायतेत पोचला.

"वाटेत बिचाऱ्याचा न तेवढा गळून पडला," पंत म्हणाले.

"कुठं पडला? आनतो की हुडकून," सटवाजी म्हणाला आणि पायताण शोधू लागला.

पंतांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात सटवाजीने ओल्या शाईची वही मिटून नीट फडताळात ठेवली. बारा पानांचा चिखल झाला.

"अरे गाढवा! ओलं दिसलं की आधी वाळू टाकायची!"

"बरं पंत."

पंतांनी बारा पानं पुन्हा लिहिली. दुपारी पंतांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सटवाजीच्या हाती आमटी दिली. त्याने डोकावून पाहिलं. ओली होती. लेखणीशेजारची, शाई टिपायच्या वाळूची डबी उचलली आणि आमटीत रिकामी केली. पहिल्याच घासाला पंतांची दाढ हलली.

काकू कडाडल्या, "मेल्या, साहेब यायचाय उद्या! पाहुण्याला काही द्यायचं तर आधी स्वच्छ धुऊन द्यावं!"

"बरं काकू."

दुसऱ्या दिवशी साहेब आला. टोपी खुंटीला लावून बसला. पंतांनी बारा पानं वाचून दाखवली. साहेब मान डोलावत होता. पंतांचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला.

"वाहवा पंत! वही आम्ही घेऊन जातो. काम तुमचं." साहेब उठला. "आमची टोपी?"

"सटवाजी, साहेबांची टोपी दे."

सटवाजीने टोपी विहिरीवर नेली. राखेने घासली, दगडावर आपटली. धुतल्यावर ती ओली दिसली, म्हणून आत दोन मुठी वाळू टाकली. साहेबाने टोपी डोक्यावर चढवली आणि वाळूचा ओघळ मिशीपर्यंत आला.

"अरे, धुतोस काय? द्यायची वस्तू जशीच्या तशी द्यावी!" पंत ओरडले. "बसा साहेब, बसा. नारिंग तरी खाऊन जा. सटवाजी, नारिंग आण!"

सटवाजीने परसातलं नारिंग तोडलं आणि जसंच्या तसं साहेबाच्या हातात दिलं. देठ, पान, पानावरचा मुंगळा, सगळं. साहेब घाईत होता. त्याने सालीसकट चावा घेतला. तोंड कडू झालं, घशात बी अडकली आणि मुंगळा ओठाला डसला.

काकूंनी पाणी दिलं. पंतांना घाम फुटला. त्यांनी सटवाजीला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच, दात खाऊन सांगितलं, "नीट ऐक. आधी साल काढायची. बिया वेचायच्या, एकसुद्धा राहता कामा नये. मग फोडी सुट्या करायच्या आणि ताटलीत मांडून द्यायच्या. कळलं?"

"आत्ता कळलं बघा!"

साहेब भला माणूस. ओठ चोळत म्हणाला, "जाऊ द्या. ती वही तेवढी द्या, निघतो."

"सटवाजी, साहेबांना वही दे."

सटवाजी माजघरात गेला. बराच वेळ झाला. आतून कुरकुर, खरखर ऐकू येत होतं.

मग तो आला. हातात चांदीची ताटली. वहीचा पुठ्ठा सोलून टाकलेला. बारा पानांच्या लांब लांब फोडी गोल मांडलेल्या. आणि फारशी अक्षरांवरचा एकूण एक नुक्ता, म्हणजे ठिपका, कलम तासायच्या चाकूने खरवडून काढलेला.

"बिया लई बारीक हुत्या पंत," सटवाजी अभिमानाने म्हणाला. "पन एक ऱ्हायली न्हाई."

साहेबाने एक फोड उचलली, उलटीसुलटी पाहिली आणि परत ठेवली. मग तो पायऱ्या उतरून गेला.

पंत मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सटवाजीने वाकून नीट पाहिलं. डोळे ओले होते.

तो वाळूची डबी आणायला धावला.