जांभळीचं इंजिन

“...ते सगळं राहू द्या. घालू कुठलं, तेवढं सांगा, वस्ताद.”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. एका ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या हेडवर चिकटलेलं जळकं पॅकिंग ते मोडक्या ब्लेडनं खरवडत होते.

“बोट दाखवा नुसतं,” संग्राम म्हणाला. “दोन्ही इथंच आहेत.”

दोन्ही तिथंच होती. भिंतीला टेकून जुनं डिझेल इंजिन, काळंकुट्ट, वर गोणपाट टाकलेलं. दाराशी लाकडी खोक्यात दुसरं. आठ सिलिंडरचं, अमेरिकन, जहाजातून आलेलं. खोक्यावरची पत्र्याची पट्टी अजून तोडली नव्हती.

आणि मधोमध जांभळी उभी. अडुसष्ट सालची, दोन दारांची, लांब नाकाची अमेरिकन गाडी. रंग नवा, काचा नव्या, चाकं नवी. बॉनेट काढून ठेवलेलं. आत नुसतं भगदाड.

संग्रामच्या डोक्यावर अजून केस आले नव्हते. वडिलांचं, नानांचं, तेरावं काल झालं होतं.

वस्तादांनी ब्लेड पुसलं, पुन्हा खरवडायला लागले.

उद्यमनगरात या माणसाला गुरू मानत. गुरू व्हायला तसं फार लागत नाही. दाढी पांढरी हवी आणि बोलणं कमी हवं. वस्तादांकडे दोन्ही होतं. शिवाय काम येत होतं, हे मात्र कबूल करायला हवं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते सांगत, तिसऱ्या सिलिंडरची रिंग गेली आहे. आणि ती गेलेली असे.

संग्राम त्यांच्याकडे आला तो कॉलेज सोडून. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. इंजिन शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यात एकही इंजिन उघडलेलं नाही, हे त्यानं भर वर्गात उभं राहून सांगितलं होतं. सरांनी माफी मागायला लावली. त्यानं मागितली नाही, दप्तर उचललं.

पहिले सहा महिने वस्तादांनी त्याला फक्त रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायला लावले. ते त्यानं मुकाट्यानं केलं. कारण जांभळी.

जांभळी मूळची एका कारखानदाराची. नाना तिचे ड्रायव्हर. मालकांनी हौसेनं आणली, पण पेट्रोल असं प्यायची की चार वर्षांत हौस फिटली. तेव्हा सगळेच करायचे तेच त्यांनी केलं. आठ सिलिंडरचं इंजिन काढून टाकलं, डिझेल बसवलं. जुनं इंजिन एका गुऱ्हाळावर ऊस पिळायला गेलं आणि तिथंच मेलं. हे काम केलं होतं तरुण दस्तगीरनं.

पुढं मालकांनी नवी गाडी घेतली आणि जांभळी नानांना देऊन टाकली. चाळीस वर्षं ती नानांनीच चालवली. खडखडत, धूर ओकत. शाळेतली पोरं संग्रामला चिडवायची, तुझ्या बापाचा ट्रॅक्टर आला रे.

“वस्ताद, बहिरे झालात का?”

“ऐकतोय.”

“मग बोला की. बसवतो, चालू करतो, एकदा आवाज ऐकतो. मग विकून टाकीन नाहीतर पेटवून देईन. माझं मी बघतो.”

“नानांनी काय मागितलं होतं तुझ्याकडं?”

संग्राम खोक्यावरची पट्टी नखानं उचकटायला लागला.

“मला माहीत आहे,” वस्ताद म्हणाले. “तू सांग.”

“एकदा तू चालव, म्हणाले होते. मी बाजूला बसतो.”

“मग?”

“मग काय?”

“बसवलंस?”

...

नाना सगळं आयुष्य चाकामागं बसले. मालक मागं, मालकीणबाई मागं, पाव्हणे मागं. स्वतःची झाल्यावरही चालवायचे तेच, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. बाजूच्या सीटवरून रस्ता कसा दिसतो, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. एवढंच बघायचं होतं त्यांना. तेही कुठं लांब नाही. कुठंही.

“या ट्रॅक्टरमध्ये नाही बसवणार तुम्हाला,” संग्राम म्हणाला होता. “खरं इंजिन घालतो. मग राजासारखे बसा.”

आणि त्याच आठवड्यात चालतं डिझेल उतरवलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं. आधी एक आठ सिलिंडरचं मिळालं, मुंबईच्या भंगारातून. मूळ गाडीत होतं त्याच मापाचं. वस्ताद म्हणाले, चांगलं आहे. संग्रामनं पुस्तकं वाचली, परदेशातल्या लोकांना पत्रं लिहिली आणि ठरवलं, हे लहान आहे. याच गाडीत याहून मोठं बसायचं, ते हवं. आलेलं परत पाठवलं. मोठ्याची वाट बघितली. ते आलं, पण नानांच्या रक्षाविसर्जनाच्या दिवशी. घाटावरून घरी येतो तर ट्रकवाला दारात उभा, सही करा म्हणत.

“नाही बसवलं,” संग्राम म्हणाला.

वस्तादांनी हेड बाजूला ठेवलं. हात पुसले.

“डिझेल परत बसवायचं झालं असतं, तर किती दिवस लागले असते?”

“फौंडेशन नवं करून...”

तो थांबला. इंजिन ज्यावर बसतं ते फौंडेशन. डिझेलचं जुनं फौंडेशन गाडीत तसंच होतं. अमेरिकन इंजिनासाठी ते कापायला त्यानं वस्तादांना निदान दहा वेळा सांगितलं होतं. दर वेळी त्यांचा कटरचा गॅस संपलेला असायचा.

“गॅस संपला नव्हता,” संग्राम म्हणाला.

“न्हाई.”

“नटबोल्ट?”

“डब्यात. चिठ्ठ्या लावून ठेवलेत.”

संग्रामनं मनात हिशेब केला. फौंडेशन आहे. बोल्ट आहेत. पाइप आहेत. रेडिएटर माळ्यावर आहे.

“दोन दिवस,” तो म्हणाला.

“दीड,” वस्ताद म्हणाले. “आपण दोघं असतो तर.”

त्यांच्यामध्ये जांभळी उभी होती. बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालू केला, बंद केला.

“तुम्हाला माहीत होतं.”

वस्तादांनी पुसलेले हात पुन्हा पुसले.

“नाना जाणार हे तुम्हाला माहीत होतं!”

“मागच्या दिवाळीआधी सांगितलं त्यांनी. डॉक्टर वर्षाचं बोलला होता. फार तर वर चार महिने.”

“आणि तुम्ही मला बोलला नाहीत.”

“शब्द घेतला होता त्यांनी माझ्याकडनं. पोराचं काम बिघडेल म्हणाले.”

“शब्द!” संग्राम हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. “तुम्ही म्हातारी माणसं ना, सगळी एका साच्यातली. तो तिकडं मरतोय ते सांगत नाही. हा इकडं बघतोय ते सांगत नाही. एकमेकांना शब्द देत बसायचं. आणि तोंड मिटून बसलं की लोक म्हणतात, काय गहिरा माणूस. गहिरा कसला? घाबरट! मी रोज तुम्हाला विचारत होतो. हे घालू का ते घालू. रोज! एकदा म्हणायचं होतं, गाढवा, ते जुनं टाक आणि बापाला फिरवून आण. चार शब्द. झिजली असती का जीभ?”

“तू कुठलं घालू, ते विचारत होतास. कधी घालू, हे एकदाही विचारलं न्हाईस.”

“हे असलं ऐकवू नका!” संग्रामनं खोक्याला लाथ घातली. खोकं हललंसुद्धा नाही. “असली वाक्यं कीर्तनात शोभतात. माझा बाप मेलाय.”

वस्तादांची मान खाली गेली.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “ते वाक्य मी तयार करून ठेवलं होतं. तू येशील तेव्हा टाकायला. खरं ते सांगतो. शब्द होता, ते खरं. पण शब्द मोडता आला असता. नाना काय, चार शिव्या घातल्या असत्या आणि बसले असते गाडीत.” ते दाराशी गेले, खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. “मलाच हे हवं होतं. चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप. पंचविसाव्या वर्षी मीच या हातानं ते आठ सिलिंडरचं काढलं आणि गुऱ्हाळावर पाठवलं. तेव्हापासून त्याचा आवाज कानात बसलाय. मरायच्या आत एकदा पुन्हा बसवावं असं वाटायचं. तू एकेक महिना वाढवत होतास, आणि मी म्हणत होतो, वाढव. चांगलंच येऊ दे. मोठंच येऊ दे.”

संग्राम भांडायला आला होता तो एका गुरूशी. समोर नुसता एक म्हातारा मिस्त्री उभा होता, त्याच्याइतकाच चुकलेला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

“नाना रोज यायचे,” वस्ताद म्हणाले. “या वेळेला.”

“इथं? मी कधी बघितलं नाही.”

“तू चारला बाहेर लेथवर जायचास. म्हणून चारला यायचे.”

“कशाला?”

वस्ताद जांभळीच्या उजव्या अंगाला गेले, दार उघडून धरलं. वाकून. मोठ्या माणसासाठी ड्रायव्हर धरतो तसं.

“बस.”

संग्राम सवयीनं डावीकडे वळला. अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डावीकडे.

“तिकडं न्हाई.”

तो उजवीकडून आत बसला. सगळी गाडी नवी केली होती, सीटसुद्धा. कातडं मिरजेहून शिवून आणलेलं, अजून वास जायचा होता. मागची सीट ताठ होती, कुणी न बसल्यासारखी. ही बाजू मात्र दबली होती. मधोमध खोलगट झाली होती.

त्यानं त्यावर हात फिरवला.

“किती दिवस यायचे?”

“सव्वा वर्ष. शेवटच्या महिन्यात रिक्षानं यायचे. उतरायला मी हात द्यायचो.”

वस्ताद वळसा घालून आले आणि स्टिअरिंगसमोर बसले. आरसा सारखा केला. क्लच दाबला. तारच नव्हती, पायाखाली तो नुसता लुळा पडला. गिअरच्या जागी जमिनीला भोक होतं. त्या भोकावर हवेतच त्यांनी मूठ धरली आणि पहिला टाकला.

“इंजिन नसताना?” संग्रामनं विचारलं.

“पहिल्या दिवशी मी तोंडानं आवाज काढला. आठ सिलिंडरचा. तसा जमतो मला. खालून, गंभीर. वाटलं, खूष होतील.”

“मग?”

“माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, दस्तगीर, ही कुणाची गाडी चालवतोयस? आमची खडखडते.”

संग्राम समोर बघत राहिला. काचेतून समोरची भिंत दिसत होती, खिळ्याला टांगलेले जुने फॅनबेल्ट, एक मोडकं स्टूल.

“डिझेलचा काढायला लावला?”

“डिझेलचा. तोही जमेना पहिल्यांदा. शिकवला त्यांनी. दुसऱ्यावर कसा कण्हतो, तिसऱ्यावर कसा मोकळा होतो. चाळीस वर्षं ऐकलेला माणूस. मी मिस्त्री, पण त्या इंजिनाचा आवाज मला तुझ्या बापानं शिकवला.”

आणि वस्तादांनी तोंड उघडलं.

सत्तरीतला माणूस, अर्धं उद्यमनगर ज्याच्या पाया पडतं तो. गाल थरथरले, दाढी हलायला लागली, थुंकीचे तुषार काचेवर उडाले. धडधड, खडखड, मध्येच एक खोकला. दुसरा गिअर. कण्हणं. तिसरा. मोकळं होणं.

संग्रामला हसू यायला हवं होतं.

हा आवाज त्यानं शाळेच्या फाटकाशी लाज वाटून ऐकला होता. आजारपणात अंगात ताप असताना, मागच्या सीटवर आडवा पडून ऐकला होता. रोज संध्याकाळी घरी बसून, नाना आले हे त्याला याच आवाजानं कळायचं. आणि एका आठवड्यात त्यानं तो गाडीतून उपटून भिंतीला लावला होता, वर गोणपाट टाकून.

त्यानं उजवा हात खिडकीबाहेर काढला. का, ते त्याला कळलं नाही. बाजूच्या सीटवरची माणसं काढतात तसा.

वस्तादांनी स्टिअरिंग थोडं डावीकडे घेतलं. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे, जास्त. हवेतला गिअर एक खाली आणला. घशातलं इंजिन जड झालं.

संग्रामच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते त्यानं पुसलं नाही.

“वस्ताद...”

धडधड चालूच होती.

“वस्ताद, सांगा ना. कुठलं घालू?”

वस्तादांनी समोरच्या भिंतीवरची नजर काढली नाही. एक हात उचलून त्याला गप्प केलं, पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला.

“ड्रायव्हरशी बोलू नको. घाट लागलाय.”