देवराईचे पहारेकरी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे ज्यानं सांगितली तो एरवी थापा मारायचा, पण त्या दिवशी तसा मूड दिसला नाही.

एका संस्थानानं राखीव रानाला सारा माफ केला. दिवाण श्रीपतराव पाहणीला आले. देवीच्या नावानं राखलेली गावची राई बघून म्हणाले, "कुंपण नाही, पहारेकरी नाही. हे कसलं राखीव? सारा भरा, नाहीतर झाडं तोडून वसूल करतो."

तानू गुरवीण म्हणाली, "सरकारी रानाला पहारेकरी किती, साहेब?"

"चाळीस. तरी साग चोरीला जातोच."

"मग आमच्या राईतली एक वाळकी काटकी आणून दाखवा. सारा भरते."

दिवाणांनी शिपायाला फर्मावलं. तो म्हणाला, "नोकरी घ्या साहेब, पण देवीची काटकी नको." दुसऱ्या शिपायाचं पोट दुखायला लागलं. शेवटी दिवाण स्वतः चपला काढून आत गेले. काटकी उचलली, इकडंतिकडं पाहिलं, होती तिथं हळूच ठेवली आणि वर नमस्कार केला.

तानू म्हणाली, "आत्ताच तीन पहारेकरी मोजले, साहेब. त्यातले एक तर खुद्द दिवाण."

सारा माफ झाला. पण माफी राईला होती, तुम्हाला नाही. गोष्ट ऐकलीत ना? चहाचे पैसे काढा.