तांब्याच्या हंड्यातलं पाणी

एका गावात एक तांबट राहत असत. नाव दामूअण्णा. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण त्या दिवाळीचा विषय निघाला की तिथली माणसं अजूनही गप्प होतात.

दामूअण्णांचा हात मोठा गुणी. काळंठिक्कर पडलेलं भांडं ते चिंच-मीठ लावून असं घासत, की त्यात बघून खुशाल भांग पाडावा. पण पुढे पुढे या गुणाचं खूळ झालं. चकाकेल ते चांगलं आणि काळवंडेल ते वाईट, एवढंच त्यांना कळे. दाराची कडी मळकी दिसली तरी त्यांना घास गोड लागत नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी रेवती. तिने काचेच्या टाकीत मासे पाळले होते. बाकीचे सोनेरी, आणि एक काळा. हा काळा दिवसभर काचेला तोंड लावून शेवाळ खात बसे, म्हणून त्याचं नाव काळू. लग्न होऊन सासरी जाताना ती मांडवात रडली नाही, पण टाकीपाशी आली आणि तिला हुंदका आवरेना.

"अण्णा, यांना तुमच्यावर सोडून चाललेय. जपाल ना?"

"जिवापलीकडे जपीन," अण्णा म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले होते, हे आधीच सांगून ठेवतो.

आता त्यांचं जपणं ऐका. टाकी माजघरात सावलीला होती. अण्णांना वाटलं, एवढी शोभेची वस्तू आत कशाला? दोघातिघांना हाताशी धरून त्यांनी ती रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली. दिवसभर तिच्यावर ऊन पडू लागलं. येणारं-जाणारं गिऱ्हाईक गंमत म्हणून चिमूटभर खाणं टाकत असे आणि अण्णा प्रेमाने मूठभर. उरलेलं तळाशी कुजे. दसरा उलटेपर्यंत काचेवर शेवाळाचा थर चढला आणि पाणी हिरवंगार झालं. मासे मजेत होते बरं का! लाज वाटत होती ती अण्णांना.

त्यात लेकीचा पहिला दिवाळसण आला. नवा जावई घरी येणार, गल्ली बघायला जमणार, आणि दर्शनी खिडकीत हे डबकं! अण्णांनी लेकीला फोन लावला.

रेवती म्हणाली, "घाबरू नका अण्णा. टाकी उन्हातून हलवा, खाणं कमी करा. अधूनमधून थोडंसंच पाणी बदला. नळाचं पाणी मात्र रात्रभर ठेवून मगच घाला. शेवाळ जाईल हळूहळू."

"हळूहळू? अगं, दिवाळी तोंडावर आलीय!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर सासराच उतावळा झाला होता. लेकीने सांगितलेल्यातलं एकच वाक्य त्यांनी उचललं, पाणी रात्रभर ठेवायचं. ते ठेवायचं कशात? प्लास्टिकच्या पिंपात? छे! लेकीच्या माशांना ते पाणी कसं द्यावं? अण्णांनी स्वतः ठोकलेले तांब्याचे हंडे काढले, चिंचेने घासून लखलखीत केले आणि काठोकाठ भरून ठेवले. तांब्यातलं पाणी म्हणजे अमृत, हे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

रेवती यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कंबर कसली. मासे जुन्या पाण्यासकट एका काळ्या बादलीत काढले. टाकीतलं उरलेलं पाणी ओतून दिलं. काच चिंच-मिठाने घासली, खडे उकळत्या पाण्यातून काढले.

त्यांची बायको शालन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पोरीने थोडंथोडं सांगितलंय. एका दिवसात एवढं सगळं नका करू."

"माझ्या हातून काळं भांडं सोन्यासारखं निघतं. हे तर नुसतं पाणी आहे!"

हंडे टाकीत रिते झाले. सोनेरी मासे त्यात सोडले. काळू तेवढा बादलीच्या बुडाला चिकटून राहिला. अण्णांनी त्याला शोधलंही नाही. शेवाळच गेलं, आता त्या काळ्याचं काय काम? शालनने ती बादली जास्वंदीला घालायला म्हणून परसात नेऊन ठेवली.

संध्याकाळी सोनेरी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मधूनच उसळी मारत.

"बघ, कसे आनंदाने उड्या मारताहेत!" अण्णा म्हणाले. अरे देवा! ते तडफडत होते हो, तडफडत होते. अण्णांनी मात्र कौतुकाने टाकीवर नवं कोरं उपरणं पांघरलं. जावयासमोरच ते उघडायचं, असं त्यांच्या मनात होतं.

सकाळी लेक-जावई आले. ओवाळून झालं. अर्धी गल्ली ओसरीवर जमली. अण्णांनी दोन्ही हातांनी उपरणं ओढलं. काच अशी झळकली, की जावई "वा!" म्हणायला गेला आणि तो शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

निवळशंख पाण्यावर सगळे सोनेरी मासे पोट वर करून तरंगत होते. एकाचीही शेपटी हलत नव्हती.

एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. अण्णांच्या हातातलं उपरणं खाली पडलं.

रेवतीने विचारलं, "पाणी कुठलं घातलंत?"

"हंड्यातलं. तूच म्हणालीस ना, रात्रभर ठेवा म्हणून? चांगल्यात चांगल्या हंड्यात ठेवलं होतं गं!"

"अण्णा, तांबं माशांना विष असतं."

ज्या तांब्यावर जन्म काढला, ते विष? दामूअण्णांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"पण ते हिरवं पाणी..." ते कसंबसं म्हणाले.

"हिरव्या पाण्याने एकही मासा मेला नव्हता, अण्णा. ते तुम्हालाच बघवत नव्हतं."

एवढ्यात शालनची परसातून हाक आली. ती जास्वंदीला पाणी घालायला गेली होती आणि बादली कलती करता करता दचकली होती. सगळे धावले. हिरव्या, गढूळ पाण्यात काळू बादलीच्या कडेला तोंड लावून निवांत बसला होता.

रेवती दिवाळीभर राहिली. वडिलांना लागेल असा एक शब्दही बोलली नाही. तेच अण्णांना जास्त लागलं.

निघायच्या दिवशी अण्णांनी तिच्यासाठी घडवलेली कळशी पुढे केली. तिने वाकून नमस्कार केला, कळशी घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मग परसात जाऊन काळूसकट ती काळी बादली उचलून आणली.

"याला इथेच राहू दे की," अण्णा हळूच म्हणाले. "मी जपीन."

रेवतीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"नको अण्णा," ती म्हणाली, आणि बादली मांडीवर घेऊन गाडीत बसली.

तात्पर्य: दुसऱ्याचा जीव आपल्या हाती सोपवला असेल, तर त्याला काय मानवतं ते आधी पाहावं, आपल्या डोळ्यांना काय शोभतं ते मागाहून.