काळोख पाळणारं गाव

केवडेबंदर नावाचं एक गाव होतं. नकाशात शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. एका अंगाला हिरवागार डोंगर, दुसऱ्या अंगाला निळा निळा समुद्र आणि मधे सोनेरी वाळूची लांबच लांब पुळण. पुळणीच्या टोकाला, सुरूच्या झाडांखाली, माडाच्या झावळ्यांची एक पिटुकली झोपडी होती. तिथे शेवंती आणि तिची आये राहायच्या. शेवंती आठ वर्षांची, आणि स्वभावाने इतकी मऊ की वाटेतली गोगलगायसुद्धा उचलून कडेला ठेवायची. त्यापायी शाळेत रोज उशीर व्हायचा, ते वेगळं.

शेवंतीचे बाबा ती पाळण्यात असतानाच वारले होते. आये दिवसभर मासळी सुकवायची आणि संध्याकाळी लोकांची फाटकी जाळी सांधायला बसायची. घरात दिवा म्हणजे रॉकेलची एक चिमणी. तिचा धूर भारी आणि उजेड वाटीभर. त्या धुराने आयेचे डोळे पार गेल्यात जमा झाले होते. जाळ्याचं भोक कुठे आणि गाठ कुठे, तेही तिला धड दिसेना. दोनदा तिची गाठ भर समुद्रात सुटली आणि सगळे मासे पळाले. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं होडीवाल्यांनी सांगून टाकलं. त्यांना तरी काय बोलायचं, त्यांचंही पोट त्याच जाळ्यावर.

एका सकाळी शेवंती पुळणीवर काटक्या वेचत होती. मर्यादवेलीची जांभळी जांभळी फुलं वाळूवर पसरली होती. त्यातलं एक फूल आपोआप थरथरताना तिला दिसलं. ती वाकली. फुलाखाली, लाटेने आणून टाकलेल्या नायलॉनच्या जाळ्याच्या तुकड्यात, एक इवलीशी परी अडकली होती. बोटाएवढी. तिचे पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे होते, जरा हलले की गुलाबी, जरा हलले की हिरवे. एक पंख दोऱ्यात पुरता गुरफटला होता.

दुसरं कुणी असतं तर ओढाताण करून पंख फाडून ठेवला असता. पण शेवंती जाळी सांधणारणीची लेक. तिने एकेक गाठ नखाने सैल केली आणि एकेक दोरा अलगद काढला. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे परी मोकळी झाली.

परीने पंख झटकले. वाळूवर रंगांचा सडा पडला. "मी पुळणपरी," ती म्हणाली. "तुझी एक इच्छा पुरी करीन. पण बाळ, एकच हं. दिलेली बदलता येत नाही."

आता शहाण्या माणसाने आयेचे डोळेच मागितले असते, नाही का? पण शेवंतीला वाटायचं, डोळे काय, चांगलेच आहेत, उजेड तेवढा कमी आहे. ती चटकन म्हणाली, "आमच्या घराला उजेड दे."

परीने वाळूतून एक चिमुकला शिंपला उचलला आणि त्यावर फुंकर घातली. शिंपला चांदण्यासारखा उजळला.

"हा कधी विझायचा नाही," परी म्हणाली. "याला कशाने झाकता येणार नाही. आणि समुद्राचं पाणी याला लागलं की हा समुद्राचा. मग मलाही परत आणता येणार नाही." एवढं सांगून ती फुलांत नाहीशी झाली.

त्या संध्याकाळी झोपडीत काय उजेड पडला म्हणता! आयेला बारीकातली बारीक गाठ दिसली. चार दिवसांत तिने सहा जाळी सांधली, एकही गाठ सुटली नाही. आये कितीतरी महिन्यांनी गाणं गुणगुणली. ते ऐकून शेवंतीला इतका आनंद झाला की ती भात खायचीच विसरली.

पाचव्या दिवशी धाकूबाबा घरोघर निरोप सांगत आले. धाकूबाबा म्हणजे गावातले कासवांचे राखणदार. तरुणपणी त्यांनीच कासवांची अंडी उकरून खाल्ली होती, आणि ते ती गोष्ट लपवतही नसत. "खाल्ली तेवढी फेडतोय," असं म्हणत. आता माद्या वाळूत अंडी घालून गेल्या की ते आणि गावकरी मिळून ती कुंपणाच्या आत नीट पुरत, वर टोपली पालथी घालत आणि पन्नास-पंचावन्न दिवस कोल्ह्याकुत्र्यांपासून राखत. पिल्लं बाहेर पडायला लागली की गाव काळोख पाळायचं. जगभर दिवेलागणीला दिवे लावतात, केवडेबंदर मात्र तेव्हा विझवायचं. दुकानाची ट्यूब बंद, अंगणातला दिवा आत. कारण कासवाचं पिल्लू उजेडाकडे धावतं. काळोखात समुद्रच तेवढा चमकतो, म्हणून ते बरोबर समुद्राकडे जातं. दुसरीकडे उजेड दिसला, की बिचारं चुकलंच.

आज पिल्लं निघणार, असं धाकूबाबा सांगून गेले. शेवंती धावत घरात गेली. तिने शिंपल्यावर गोणपाट टाकलं. उजेड बाहेर. तांदळाच्या मडक्यात पुरला. मडकंच उजळलं. आयेने वरून गोधडी घातली, तर गोधडीतली फुलं लखलखायला लागली. परी खोटं थोडीच बोलली होती?

सूर्य बुडाला. गाव काळोखात गेलं. धाकूबाबांनी टोपली उचलली आणि वाळूतून इवली इवली काळी पिल्लं बाहेर पडली. एक, दोन, दहा, चाळीस. समुद्राकडे चार पावलं गेली, थबकली आणि सगळीच्या सगळी वळली. झावळ्यांच्या फटींतून झोपडीचा उजेड पुळणीवर सांडत होता. पिल्लं तुरुतुरु तिकडेच निघाली. आणि सुरूखाली गावातली भटकी कुत्री कान टवकारून उभी राहिली.

शेवंतीने हे दारातून पाहिलं. एकदा आयेकडे पाहिलं, आयेच्या मांडीवर अर्धं जाळं होतं. मग तिने मडक्यातून शिंपला काढला आणि ती समुद्राकडे पळत सुटली.

पिल्लं वळली. शेवंती गुडघाभर पाण्यात जाऊन शिंपला उंच धरून उभी राहिली. पिल्लं लाटेपर्यंत आली, पाण्यात शिरली, पण पुढे जाईनात. उजेड तिच्या हातात होता, म्हणून ती तिच्याच पायांभोवती घिरट्या घालत राहिली. एकेक लाट त्यांना उचलून पुन्हा वाळूवर टाकत होती आणि कुत्री जवळ येत होती.

शेवंतीने डोळे मिटले आणि सगळं बळ एकवटून शिंपला दूर समुद्रात भिरकावला.

चांदीची एक रेघ पाण्यावरून सरकत खोल खोल गेली. तिच्यामागोमाग चाळीस चिमुकली पिल्लं लाटा फोडत निघाली. धाकूबाबांनी कुत्री हाकलून लावली. आये धावत पाण्यात आली आणि तिने लेकीला कवेत घेतलं, तोच एक मोठी लाट दोघींच्या डोक्यावरून गेली. खाऱ्या पाण्याने आयेचे डोळे चरचरले. ती पदराने पुसत राहिली.

लाटेच्या फेसात पुळणपरी उभी होती, गुलाबी, हिरवी, मोतिया. "तुझी इच्छा तर संपली गं बाळ," ती हळूच म्हणाली. "पण समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही." आणि फेसावर असा शुभ्र उजेड पसरला की सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. हात काढले तेव्हा परी नव्हती. नुसता काळोख होता.

शेवंतीला रडू कोसळलं. उजेड गेला, आता तू जाळी कशी सांधशील, तुझं काम जाईल, असं ती हुंदके देत देत सांगत राहिली. आये समुद्राकडे टक लावून बघत होती.

"रडू नको गो," शेवटी आये म्हणाली. "ते बघ, सगळ्यात मागे राहिलेलं पिल्लू. तिसऱ्या लाटेच्या पलीकडे. त्याच्या डोक्यावर वाळूचा कण आहे बघ."

शेवंतीने डोळे पुसून पाहिलं. धाकूबाबांनीही कपाळावर हात धरून पाहिलं. दोघांनाही काळोखाशिवाय काही दिसलं नाही.