पिस्तुलाची पारख

"पण लहान असलं तर बिघडलं कुठं, चाचा? उलट कुणाला दिसणार नाही."

वीरभद्र शेटे हे तिसऱ्यांदा विचारत होते.

मुजावरचाचा टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर बसून कालच्या चादरीतली सुकलेली फुलं वेगळी काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

चाचांनी एकतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका आणि पिस्तुलं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर घराण्यात चालत आलेली दर्ग्याची सेवा त्यांनी हाती घेतली. आसपासच्या गावांत कुणाला पिस्तुलाचा परवाना मिळाला, की तो माणूस दुकानात जाण्याआधी ही टेकडी चढायचा. कुठलं घ्यावं, कुठलं घेऊ नये, एवढं विचारायचा. चाचा दोन वाक्यांत सांगायचे आणि पुन्हा झाडू हातात घ्यायचे.

शेटे मात्र दोन वाक्यांवर जाणारे नव्हते. तासगावचे ते बेदाण्याचे व्यापारी. बेदाणा दोन बोटांत दाबून त्यात पाणी किती राहिलंय ते सांगत, आणि ते चुकत नसे. परवान्यासाठी त्यांनी दोन वर्षं खेटे घातले होते. त्या दोन वर्षांत वहीभर टिपणं काढली होती. तीन पिस्तुलांची वजनं, नळ्यांची लांबी, मुठींची जाडी. तिन्हींत सगळ्यात छोटं होतं, त्याच्याभोवती त्यांनी लाल गोल केला होता.

"सगळं वाचलंय मी," ते म्हणाले. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"हात दाखवा," चाचा म्हणाले.

शेटेंनी तळहात पुढं केला. चाचांनी त्यावर आपला तळहात ठेवला. बोटांना बोटं भिडवून पाहिली. शेटेंची बोटं पेरभर लांब होती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. छोट्या पिस्तुलाच्या मुठीत दोनच बोटं मावतात, तिसरं बाहेर लोंबकळतं. पकड ढिली राहते. हलकं पिस्तूल हातात जास्त उसळतं, पहिली गोळी गेली की दुसरीला नेम पुन्हा शोधावा लागतो. लपवायला जे सोपं, ते चालवायला अवघड. या हाताला मधल्या आकाराचं बरं.

शेटेंनी वहीत लिहून घेतलं. त्यांना हे माहीत नव्हतं आणि ते त्यांना आवडलं नाही.

"बांधणार कुठं?"

"कंबरेला. शर्टाच्या आत."

"रोज?"

"रोज. आंघोळ झाल्यापासून झोपेपर्यंत."

चाचा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात जाड कापडाची पिशवी होती. आत शिसं भरून तोंड शिवून टाकलेलं. पाऊण किलो असेल.

महिनाभर ही पिशवी कंबरेला लावून फिरा, मग आपण दुकानात जाऊ, असं त्यांनी सांगितलं. शेटेंचा चेहरा उतरला. पिस्तुलाची पारख करून घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात शिशाचा गोळा ठेवलेला त्यांना अपमानासारखा वाटला. पण पिशवी त्यांनी घेतली. पायऱ्या उतरताना ती मोटारीच्या किल्लीवर आपटून वाजत होती.

*

महिन्यानं ते सकाळीच आले आणि पिशवी चाचांच्या पुढ्यात ठेवली.

व्यापाऱ्यासारखा त्यांनी सगळा हिशोब मांडला. डावीकडं लावली तर गाडीत बसताना पट्ट्यात अडकते. पुढं लावली तर सौद्याला मांडी घालून बसताना पोटात रुतते. उजवीकडं, जरा मागं, तिथं ठीक. शर्ट एक माप मोठा लागतो. वाकलं की फुगवटा दिसतो, म्हणून गुडघ्यांत वाकायचं.

चाचा प्रत्येक गोष्टीला मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "बरोबर बघितलंत."

शेटेंना बरं वाटलं.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

चाचांनी पुढ्यातली टोपली ओढली. फुलं निवडायला घेतली. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज दूर जाऊन विरला तरी शेटे उठले नाहीत.

"सौद्यात परवा एकानं मागून खांद्यावर हात ठेवला," ते म्हणाले. "ओळखीचाच अडत्या. तीस वर्षांचा पोरगा. चहाला बोलवत होता..."

चाचा थांबले.

"माझा हात कंबरेला गेला. शर्ट वर झाला. लोकांना वाटलं, पॅन्ट सुटली. हसले सगळे."

"तुम्ही?"

"मीही हसलो. शिसं होतं म्हणून हसलो."

"पिस्तूल असतं तर?"

"तेच मनातून जात नाही, चाचा." शेटेंनी पिशवीची शिवण अंगठ्यानं चाचपली.

चाचांनी टोपली बाजूला सरकवली. त्या जागेवर शेटेंना बसवून घेतलं.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "सांग."

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं असं नाही. पोलिसांनी विचारलं होतं, परवान्याच्या अर्जातही लिहावं लागलं होतं. तिथं शेटेंनी चार ओळींत उत्तर दिलं होतं. भर दुपारी, सौदा आटोपून परत येताना, दोन मोटरसायकली आडव्या आल्या. चौघं होते. बॅग नेली. चालक जखमी झाला.

पाचवी ओळ त्यांनी पायरीवर सांगितली.

चालकाचं नाव सिद्राम. अकरा वर्षं तो त्यांची गाडी चालवत होता. मोटरसायकली आडव्या आल्या तसा तो बॅग घेऊन खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला, द्राक्षबागेकडं पळाला. चौघं त्याच्यामागं धावले. पहिल्याच बांधावर त्याला गाठलं. खोऱ्याचा दांडा होता त्यांच्याकडं. शेटे मागच्या सीटवर होते. त्यांनी दारं आतून बंद केली आणि बसून राहिले. काचेतून सगळं दिसत होतं. फोन हातात होता, तोही त्यांनी चौघं निघून गेल्यावर लावला.

सिद्राम वाचला. डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं, तोल जायला लागला, गाडी चालवणं सुटलं. दवाखान्याचं सगळं शेटेंनी केलं. दिवाळीला फराळ, लेकीच्या लग्नाला साडी, काही कमी केलं नाही. सगळं दुसऱ्यांच्या हातून पाठवलं.

"भेटलो नाही मी त्याला," शेटे म्हणाले. "दोन वर्षं. त्याच्या गावावरून जायचं असलं तर लांबून वळसा घालतो."



"पुन्हा तसा बसून राहणार नाही मी. एवढ्यासाठी पाहिजे ते."

चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ होती. हात तिथंच राहिला, पाठ जरा सैल होईतो.

"शुक्रवारी जाऊ दुकानात," चाचा म्हणाले. "सिद्रामला घेऊन ये."

"त्याला? त्याला कशाला?"

"तू गाडीत होतास. बाहेर तो होता. बाहेर काय लागतं, ते त्याला ठाऊक."

*

सिद्रामचं घर गावाच्या टोकाला होतं. शेटे गाडी दूर लावून चालत गेले. दाराशी सिद्राम द्राक्षाच्या काड्या मोजून जुड्या बांधत होता. कलमं बांधायचं काम तो आता करत होता. पाऊल वाजलं ते त्याला कळलं नाही. सावली पडली तेव्हा त्यानं मान वर केली.

उठायला गेला आणि तोल गेला. शेटेंनी दंड धरून त्याला सावरलं.

काय बोलायचं ते शेटेंनी वाटेत ठरवून ठेवलं होतं, पण

सिद्रामच आधी बोलला. दोन वर्षं त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकली. बॅग घेऊन पळालो ती माझी चूक झाली, गाडी मागं घ्यायला पाहिजे होती, मालकांचा राग रास्त आहे. म्हणून तर तुम्ही आला नाहीत. मीही तोंड कुठलं दाखवू, म्हणून तासगावला आलो नाही.

शेटे ऐकत राहिले. हे त्यांच्या कानात शिरत होतं, पण आत पोहोचायला वेळ लागत होता.

"मी दारं लावून बसलो, सिद्राम," ते म्हणाले. "तू मार खात होतास आणि मी..."

सिद्रामनं उजवा कान पुढं केला. शेटेंना ते पुन्हा म्हणावं लागलं. या खेपेला मोठ्यानं, शेजारच्या दारात बाई होती तरी.

"दारं लावा असं मीच ओरडलो की उतरताना," सिद्राम म्हणाला. "ऐकलं नाही तुम्ही?"

शेटेंनी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं होतं आणि त्यांना ते आठवत नव्हतं. त्या दिवसातलं त्यांना काचेपलीकडचं तेवढं आठवत होतं.

ते काड्यांच्या जुड्यांवरच बसले. सिद्रामनं त्यांना हलकेच उठवलं, कलमं मोडतील म्हणून, आणि आत नेलं.

*

शुक्रवारी तिघं कोल्हापूरला गेले. गाडी शेटेंनी चालवली. सिद्राम शेजारी बसला, चाचा मागं.

दुकान जुनं होतं. दुकानदार चाचांना ओळखत होता. त्यानं काचेच्या मेजावर हिरवं कापड पसरलं आणि शेटेंच्या वहीतली तिन्ही पिस्तुलं ओळीनं ठेवली.

चाचांनी चष्मा बदलला. मग शेटेंनी त्यांना काम करताना पाहिलं. प्रत्येक पिस्तूल त्यांनी आधी रिकामं करून पाहिलं. दुकानदारानं पाहिलं होतं तरी पुन्हा पाहिलं, आणि बोट घालून चाचपलं. नळीच्या एका टोकाशी पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकातून उजेडाकडं बघितलं. चाप हळूहळू दाबला, कुठं अडतो, कुठं सुटतो ते कान लावून ऐकलं. सेफ्टी दहा वेळा वरखाली केली.

लाल गोलातलं छोटं पिस्तूल त्यांनी शेटेंच्या शर्टात अडकवून काढायला लावलं. मागचा घोडा कापडात अडकला. पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा शर्टाचा दोरा निघाला.

"हे नको," शेटे आपणच म्हणाले.

मोठ्याची सेफ्टी ढिली होती. मधल्या आकाराचं उरलं. मूठ हातात भरली, तिन्ही बोटं बसली.

चाचांनी सिद्रामला विचारलं, त्या दुपारी मालकांकडं हे असतं तर?

सिद्रामनं खूप विचार केला. त्यानं मालकांकडं पाहिलं, पिस्तुलाकडं पाहिलं.

"काय सांगू, चाचा," तो म्हणाला. "माझ्यामागं धावायचे ते मालकांमागं धावले असते, का पळून गेले असते... मला नाही सांगता येत. दांडा बसेपर्यंत मला मागं कोण आहे तेच कळलं नव्हतं."

दुकानदार खोकला. असल्या बोलण्यात सौदा मोडतो हे त्याला ठाऊक होतं. चाचा मात्र, सिद्रामनं नळीतला एखादा बारीक चरा दाखवून द्यावा तशी मान हलवत होते.

शेटेंनी मधलं पिस्तूल कातडी म्यानात घालून कंबरेला लावलं, उजवीकडं, जरा मागं. वरून शर्ट सोडला. आरशासमोर वळले, बसले, उठले, गुडघ्यांत वाकले. दुकानदार म्हणाला, अजिबात दिसत नाही.

"सिद्राम, दिसतंय?" चाचांनी विचारलं.

सिद्रामनं भोवती फेरी मारून पाहिलं. "न्हाई."

"मग भेटा दोघं," चाचा म्हणाले. "गळाभेट घ्या."

शेटे गोंधळले. दुकानदार हसला. सिद्राम मात्र पुढं झाला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. अकरा वर्षं त्यानं या माणसासाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं, एवढ्या जवळ तो कधी आला नव्हता.

शेटेंनी त्याला मिठी मारली. आधी अंग चोरून. मग सिद्रामचा तोल जरा गेला, तसं त्यांना त्याला घट्ट धरावं लागलं. धरल्यावर मात्र त्यांना सोडवेना. खांदे हलू लागले. सिद्राम त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं जरा मोठ्यानं, असू दे मालक, असू दे, म्हणत होता.

फिरता फिरता त्याचं मनगट कंबरेवरच्या त्या कठीण वस्तूवर आलं आणि दाबलं गेलं. शेटे कळवळून मागं सरले. डोळे पुसत त्यांनी कंबर चाचपली.

"चाचा, हे टोचतंय," ते म्हणाले.

दुकानदार लगबगीनं खाली वाकला. खणातून त्यानं नवं, चपटं, गुळगुळीत कडांचं एक पिस्तूल काढून कापडावर ठेवलं. हे बघा, तो म्हणाला, अंगावर आहे याची दिवसभर आठवणसुद्धा होणार नाही.

चाचांनी ते उचललं. पाहिलं. कापडाच्या घडीत गुंडाळून दुकानदाराच्या हातात परत दिलं. मग शेटेंच्या शर्टाची चुरगळलेली कड त्यांनी आपल्या हातानं सारखी केली.

"टोचतंय तोवर जवळ ठेव," ते म्हणाले.