बिननावाची अमावस्या

कोंडसरीच्या खाडीच्या तोंडाशी, काठापासून हाकेच्या अंतरावर जो काळा खडक दिसतो, त्याला मुका खडक म्हणतात. ओहोटीला तिथवर चालत जाता येते, भरतीला तो पुरता बुडतो. सर्वपित्री अमावस्येला सगळा मुलूख पितरांची नावे घेऊन पाने वाढतो, पण या वाडीत त्या दिवशी कोणी कोणाचे नाव घेत नाही. ‘अरे’, ‘गे बाय’, ‘ओ तांडेल’ यांवर दिवस निभावतात. बायकांना ते जड जात नाही, नवऱ्याचे नाव न घेण्याची त्यांना जन्माची सवय. पुरुषांची मात्र तारांबळ उडते. पाहुण्यांना हसू येते आणि येऊ द्यावे, कारण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

असे सांगतात की, पेशवाईच्या उतरत्या काळात एका परदेशी जहाजाने तापाने फणफणलेला एक गोरा माणूस इथे उतरवला आणि गोडे पाणी भरून जहाज निघून गेले. होडी चालवणाऱ्या गोमाजी तांडेलाच्या बायकोने, आवडाईने, त्याला पडवीत घेतले आणि महिनाभर पेज पाजून उभा केला. आक्सेल हे त्याचे नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो झाला गोराबाबा. तो स्वीडन नावाच्या बर्फाच्या देशातला सरदार होता, पण आपल्या सरदारकीचा तोरा त्याने कधी दाखवला नाही. फाटकी जाळी तुणायला, म्हणजे सांधायला शिकला, वाडीची बोली शिकला आणि गोमाजीच्या घरामागच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपीत, राहू लागला.

एक खोड तेवढी होती. तो कोणाचेही नाव घेत नसे. गोमाजीला तांडेल म्हणे, आवडाईला बाय. नवा कोणी आपले नाव सांगू लागला तर तोंड फिरवून जाळ्यात डोके घाली. गोऱ्याच्या डोक्यात नावे राहत नाहीत, असा वाडीने निकाल दिला.

आवडाईला ते पटत नव्हते. एके सकाळी त्याच्यासमोर जाळे धरून बसली असता तिने विचारलेच. “बाबा, तू कोणाचाच नाव कित्याक घेनस नाय?”

तेव्हा त्याने, एकही नाव न घेता, सांगितले. त्याच्या देशी सरदारांनी राजाला गादीवरून खेचण्याचा कट केला होता आणि हा त्यात होता. कट फुटला, हा पकडला गेला. न्यायाधीश म्हणाले, एक नाव सांग, जीव वाचेल. त्याचा बालमित्र निल्स त्याच दिवशी सरहद्द ओलांडणार होता. गेलेल्या माणसाचे नाव सांगितले तर कोणाचे काय बिघडते, असा विचार करून याने निल्सचे नाव सांगितले. पण निल्स गेलाच नव्हता. याला सोडवायला तो शहरातच थांबला होता. त्याचे डोके भर चौकात उडवले, पुरायलासुद्धा जागा दिली नाही, देवळाच्या वहीतून नाव खरवडून काढले. याला ठरल्याप्रमाणे जीवदान मिळाले आणि देशाबाहेर हाकलले.

“बाय, माझ्या तोंडातून नाव गेला की माणूस मरता,” तो म्हणाला. आवडाईने डोळ्यांना पदर लावला. ही गोष्ट तिने तेव्हा नवऱ्यालाही सांगितली नाही.

बावीस वर्षे गेली. त्या साली नारळी पौर्णिमा उलटली तरी खाडीवरच्या किल्ल्याच्या किल्लेदाराने वाडीच्या पुरुषांना तटाच्या वेठीवरून सोडले नाही. मासळीचा हंगाम, होड्या कोरड्या, घरात चूल पेटेना. गोमाजी धरून सात तांडेलांनी किल्ल्याचे चिरे वाहणारे दोन्ही पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, बुडवायचे ठरवले. मसलत झाली ती गोराबाबाच्या मांगरात. त्याच्या डोक्यात नावे राहतच नाहीत, मग भीती कसली? तो जाळे तुणत बसला होता. ते एकमेकांना नावानिशी हाक मारत होते आणि प्रत्येक हाकेला तो जाळ्यावर आणखी खाली वाकत होता.

पडाव बुडाले. सातांतला एक गोव्याकडे पळाला. मांगरात बैठक झाल्याचे किल्लेदाराच्या कानावर गेले आणि त्याने गोराबाबाला धरून नेले.

नेमके तेव्हाच खाडीत एक परदेशी जहाज पाण्यासाठी थांबले होते. त्यावरून गोराबाबाच्या बहिणीचे पत्र आले होते म्हणे. नव्या राजाने साऱ्या हद्दपारांना माफी दिली आहे, मी वाट पाहते आहे, घरी ये. किल्लेदाराने ते पत्र त्याच्या हाती ठेवले.

“एक नाव सांग आणि जहाजावर चढ,” तो म्हणाला. “अरे, तुमच्यातला एक गोव्याला पळाला म्हणतात, त्याचे सांग. तो आता कुठला हाती लागतोय?”

आक्सेलने पत्र पुन्हा वाचले. बहिणीचे अक्षर म्हातारे झाले होते. घरी जायची ओढ किती होती ते त्याचे त्यालाच ठाऊक. पण गेलेला माणूस गेलेलाच असतो असे नाही, हे त्याच्याइतके कोणाला कळले होते? त्याने पत्राची घडी करून परत दिली. “पडाव मी बुडवलंय,” एवढेच बोलला. त्यानंतर तीन दिवस किल्लेदाराने सगळे उपाय केले. शेवटी “मुक्याला खडकाला बांधा” असा हुकूम सुटला.

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी ओहोटीला त्याला खडकाशी बांधले. काठावर शिपायांच्या भाल्यांमागे सगळी वाडी उभी होती. भरती चढू लागली तसा गोमाजी भाले सारून पाण्यात शिरला. आपले नाव सांगून टाकायचे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

“तांडेल, माघारी जा,” खडकावरून आवाज आला. “माका ह्या एकदा तरी जमू दे.”

गोमाजी गुडघाभर पाण्यात उभाच राहिला. पुढे जाववेना, मागे फिरवेना. तोपर्यंत जहाजाने शिडे उभारली होती. पाणी छातीला लागले तेव्हा आक्सेलने बावीस वर्षांत पहिल्यांदा एक नाव घेतले. निल्स. शेतापलीकडच्या माणसाला जेवायला हाक मारावी तसा तो हाका मारत राहिला, तोंडावर पाणी येईपर्यंत. त्या हाकांचा अर्थ काठावर एकट्या आवडाईला कळत होता आणि ती ऊर बडवून रडत होती.

आजही त्या दिवशी गोमाजीच्या घराण्यातली वडीलधारी बाई ओहोटीला खडकावर दोन पाने वाढते, एक गोराबाबाचे, एक त्याच्या मित्राचे. मग पश्चिमेकडे तोंड करून, वाडीत दिवसभरात घेतले जाणारे एकमेव नाव घेते आणि तीनदा हाक मारते, “निल्स!” मग सगळे वाट पाहत उभे राहतात. ओ अजून कधी आलेली नाही. तरी पाणी घोट्याला लागेपर्यंत कोणी माघारी वळत नाही.