माशांचा घास

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शार्क माणसांशी बोलत आणि माणसांना त्याचं नवल वाटत नसे. हवाई बेटांपैकी एका बेटावर एक गाव होतं आणि गावासमोरच्या समुद्रात लहान चंदेरी माशांची एक ठरलेली जागा होती.

माशांच्या विणीच्या महिन्यांत मासेमारीला बंदी असे. गाव जाळी टांगून ठेवी, पण एक होडी रोज त्या जागी जाई. नावाडी वल्ह्याने होडीवर टकटक करी आणि अळकुड्या उकडून, कुटून केलेला लगदा पाण्यात सोडी. मासे तो खात आणि होडीला सरावत. बंदी उठली की त्याच टकटकीला ते वर येत, आणि गाव लागतील तेवढेच धरी. चाऱ्यात मांस मात्र कधी घालायचं नाही, असा नियम होता.

चारा घालायचं काम बरीच वर्षं कहेआ आजी करायची. तिचे हात थकले, तेव्हा ते मकोआ नावाच्या तरुणाकडे आलं. बंदी उठायच्या दिवशीच मकोआची मुलगी एक वर्षाची होणार होती. त्या दिवशी सगळ्या गावाला पोटभर मासे खाऊ घालीन, असं त्याने मुलगी रांगायच्या आधीच सांगून टाकलं होतं. बापच तो.

पण मासे येईनात. आले तरी लगदा जरासा चाखून निघून जात.

"आजी, तुझे मासे नाकं मुरडतात," मकोआ म्हणाला.

"हात नवा आहे. ओळखू दे त्यांना."

"आणि वाढदिवस थांबणार आहे का?"

"नाही थांबायचा. असेल ते खाऊ त्या दिवशी."

मकोआला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने लगद्यात डुकराचं मांस बारीक करून मिसळलं. मासे उड्या मारत आले. मकोआच्या हाताला गुण आहे, असं गाव म्हणू लागलं आणि त्याने ते खुशाल ऐकून घेतलं.

वाढदिवसाच्या सकाळी तो जाळं घेऊन गेला. त्याने टकटक केली, पण एकही मासा वर आला नाही. वर आली एक करडी, रुंद पाठ. तिच्यामागे आणखी चार. त्या गावात शार्कला पूर्वज मानत, म्हणून मकोआने मान लववली.

"आजोबा, माझे मासे कुठे गेले?"

"थोडे आमच्या पोटात गेले. बाकीचे पळाले," शार्क शांतपणे म्हणाला.

"पण मी तुम्हांला बोलावलं नव्हतं."

"बाळा, मांस तू वाढलंस. ते कोण खातं, हे तुला ठाऊक होतं."

मकोआ कोरडं जाळं घेऊन परतला आणि सगळ्यांसमोर रडत खरं काय ते बोलला. त्याला कोणी रागावलं नाही. कहेआ आजीने माशांसाठी कुटलेला लगदा पानांवर वाढला.

"आज माशांचा घास आपण खाऊ," ती म्हणाली.

मुलीने तो दोन्ही मुठींनी आवडीने खाल्ला. मकोआने आपल्या वाट्याचाही तिच्यापुढे सरकवला. पुढचे वादळाचे महिनेही गावाने तेच खाऊन काढले.

दुसऱ्या दिवसापासून मकोआ नुसत्या अळकुड्या घेऊन जाऊ लागला. खाणारं कोणी नसे, तरी तो जाई. मुलगी होडीत बसून स्वतः टकटक करण्याएवढी झाली, तेव्हा कुठे पहिला चंदेरी मासा वर आला. त्या वर्षीही मकोआने जाळं टांगलेलंच ठेवलं.

समुद्रापुढे जे वाढाल, ते खाणारेच पंगतीला येऊन बसतात.